‘फँड्री’ : भिंतीवरून हंसणाऱ्यांसाठीं दोन शब्द

शाळेच्या वार्षिक अंकांत बोलपटाविषयीं लिहावें कीं नाहीं, याबद्दल आमच्या मनांत प्रथम बराच किंतु होता. आमच्या वडील मंडळींच्या मतें बोलपट पाहणें हें अभ्यास बुडविण्याचें साधन, आणि त्याविषयीं लिहिणें हा तर दुप्पट अपराध. तथापि गेल्या दिवाळीच्या सुटींत मंद्रूप येथें आमच्या घरीं असा एक प्रसंग घडला कीं, त्यानंतर या विषयावर मौन धरणें आम्हांस प्रशस्त वाटेना. म्हणून हे चार शब्द आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

प्रसंग असा. घरचीं व शेजारचीं मिळून सात-आठ मुलें जमलीं होतीं आणि श्री. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा मराठी चित्रपट टीव्हीवर लावला होता. चित्रपटाच्या शेवटल्या भागांत एक कुटुंब डुकरामागें धांवत असतें. कोणी घसरतो, कोणी आपटतो, डुक्कर हातचें निसटतें आणि शाळेचीं मुलें ही गंमत पाहून हंसत असतात. तें पाहून आमच्याकडील मुलेंही खदखदां हंसलीं. आणि लपवून काय उपयोग, आम्हीही हंसलों. इतक्यांत त्या कुटुंबांतील मुलाचा चेहरा पडद्यावर दिसला आणि खोलींतलें हंसणें एकाएकीं थांबलें. आमची आठवींतील पुतणी हळूच म्हणाली, “काका, आपण बी हसलो की ओ!” तिच्या त्या एका वाक्यानें आम्हांस हा लेख लिहावयास लाविलें.

ज्यांनीं हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. ‘फँड्री’ १९१३ सालच्या मूकपटापासून बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१३ सालीं, चित्रपटमहोत्सवांत प्रथम दाखविला गेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजीं महाराष्ट्रांतील चित्रगृहांत आला. त्याचे लेखक-दिग्दर्शक मंजुळे हे आपल्याच सोलापूर जिल्ह्यांतील, करमाळा तालुक्यांतील जेऊरचे. मुख्य भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हाही करमाळा तालुक्यांतलाच. हलगी वाजविणारा हा मुलगा अभिनयाचें कसलेंही शिक्षण न घेतां कॅमेऱ्यापुढें उभा राहिला. ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मंजुळे यांस पदार्पणाचा उत्कृष्ट चित्रपट म्हणून इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला व सोमनाथ बालकलाकाराच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. आपल्या जिल्ह्याचें नांव झालें म्हणून आपणांस आनंद व्हावा हें साहजिकच आहे. परंतु ज्या गोष्टीमुळें हें नांव झालें ती गोष्टही आपल्याच जिल्ह्यांतली आहे, हें मात्र आनंदाच्या भरांत विसरून चालणार नाहीं.

कथा अगदीं साधी आहे. जांबुवंत कचरू माने, ज्यास सर्व जण जब्या म्हणतात, हा कैकाडी समाजांतील शाळकरी मुलगा. त्याचें घर गांवाच्या कडेला. आईबाप मिळेल तें काम करितात, टोपल्या विणतात आणि गांवानें हांक मारली म्हणजे डुकरें धरतात. घरांत मुलीच्या लग्नाची व हुंड्याची विवंचना आहे. जब्याला वर्गांतील शालू आवडते. तिच्याशीं बोलण्याचेंही धैर्य त्याला होत नाहीं. काळी चिमणी मारून तिची राख शालूच्या अंगावर टाकली म्हणजे ती आपलीशी होईल, अशा एका भाबड्या समजुतीनें तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. जीनची विजार घ्यावी म्हणून तो सायकलवरून गारीगार विकावयास जातो. ती सायकल एका मालमोटारीखालीं सांपडून चुराडा होते. जत्रेंत नवे कपडे घालून तो नाचूं लागतो, तोंच बाप त्यास ओढून काढतो व डोक्यावर दिव्याची बत्ती घेऊन मिरवणुकींत उभें राहावयास लावतो. शेवटीं गांवच्या पालखीला डुकराची बाधा झाली म्हणून सर्व कुटुंबास डुकरें धरण्याची आज्ञा होते. आणि तें काम करावें लागतें तें शाळेसमोर, सर्व वर्गमित्रांच्या डोळ्यांदेखत.

आतां विचार करा, या मुलानें मागितलें तरी काय? त्यानें राज्य मागितलें नाहीं, धन मागितलें नाहीं. एक धड विजार, मित्राबरोबर नाचण्याची मोकळीक, आवडत्या मुलीनें एकदां आपल्याकडे नीट पाहावें एवढी आशा, आणि वर्गासमोर आपल्या आईबापांची फजिती होऊं नये एवढीच त्याची इच्छा. आमच्या घरच्या मुलांस या चारही गोष्टी न मागतां मिळालेल्या आहेत. म्हणूनच त्यांना त्यांची किंमत ठाऊक नाहीं. ‘चांगलें जीवन’ हे शब्द आपण निबंधांत फार मोठे करून लिहितों. जब्यासारख्या मुलाच्या बाबतींत त्यांचा अर्थ इतकाच होतो कीं, उद्यां सकाळीं शाळेंत जातांना मान खालीं घालावी लागूं नये.

या चित्रपटावर आम्हीं मुख्यतः तीन आक्षेप ऐकिले आहेत. पहिला असा कीं, यांत शिव्या फार आहेत, तेव्हां तो मुलांस दाखवूं नये. शिव्या आहेत हें खरें. लहान मुलांस तो एकट्यानें पाहूं द्यावा असें आम्हीही म्हणत नाहीं. परंतु त्या शिव्या चित्रपटानें गांवांत आणलेल्या नसून गांवांतून उचललेल्या आहेत. मधल्या सुटींत पटांगणाच्या कोपऱ्यांत जें बोललें जातें तें ज्या पालकांनीं ऐकिलें असेल, ते हा आक्षेप फार जोरानें घेणार नाहींत. मोठ्या माणसानें शेजारीं बसून मुलाबरोबर पाहावा व नंतर त्याविषयीं बोलावें, हाच त्यावर उपाय.

दुसरा आक्षेप असा कीं, शाळकरी पोरानें अभ्यास सोडून मुलीच्या मागें लागावें, यांत कसला आदर्श? हा आक्षेप घेणारे गृहस्थ आमचे स्नेही आहेत, म्हणून स्पष्ट लिहितों. जब्या आदर्श विद्यार्थी आहे असें दिग्दर्शकानें कोठेंही म्हटलेलें नाहीं. तो आपल्या मुलांसारखाच स्वप्नाळू, हट्टी, कधीं कधीं आळशी असा मुलगा आहे. दुःखी मुलगा आदर्श असेल तरच त्याची कींव करावी, हा नियम आपण आपल्या घरच्या मुलांस लावीत नाहीं. मग परक्याच्या मुलास कां लावावा?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. चित्रपटाच्या अखेरीस जब्या दगड उचलतो. टिंगल करणाऱ्यांवर तो दगड मारीत सुटतो आणि शेवटचा दगड सरळ आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या, रोखानें येतो. हें मुलांस हिंसा शिकविणें नव्हे काय? आम्ही दगडाचें समर्थन करीत नाहीं. दगडानें डोकें फुटतें, मन बदलत नाहीं. आणि ज्याच्या हातून तो सुटतो त्याचेंच पुढें अधिक नुकसान होतें. परंतु शेवटच्या पांच मिनिटांतील दगडाविषयीं ज्यांस राग येतो त्यांस त्यापूर्वींच्या दीड तासांतील अपमानाचा राग कां येत नाहीं, हेंही आम्हांस विचारावेंसें वाटतें. दिवसेंदिवस मारलेले शब्द कोणी मोजीत नाहीं; एक दगड मात्र सर्वांच्या लक्षांत राहतो.

१९५९ सालीं फ्रान्समध्यें फ्रान्स्वा त्रुफो यांनीं ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ नांवाचा चित्रपट काढला. त्यांतही घरीं हेळसांड झालेला व शाळेंत अपमानित झालेला एक मुलगा आहे. सुधारगृहांतून पळून तो समुद्रापर्यंत पोंचतो, पुढें वाट नसते, मग तो वळून थेट आपल्याकडे पाहतो आणि चित्र तेथेंच थांबतें. आपल्याकडेही १९३७ सालीं ‘प्रभात’च्या ‘कुंकू’मध्यें मामानें वृद्धाच्या गळ्यांत बांधलेल्या नीरेनें त्या लग्नापुढें मान तुकविण्यास नकार दिला होता. देश निराळे, काळ निराळा. परंतु छळ सोसणारें मूल अखेर पाहणाऱ्याकडे वळतें, ही गोष्ट एकच. फ्रान्समधील मुलगा नुसता पाहतो, आपल्याकडचा दगड मारतो. हा फरक कोठून आला, हें समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

तो इतिहास आपल्यापासून दूर नाहीं. मंद्रूपहून विजापूरच्या रस्त्यानें उत्तरेस निघालें, वडकबाळजवळ सीना ओलांडली, कीं थोड्याच वेळांत सोलापूर येतें. त्या शहरांत ‘सेटलमेंट’ या नांवानें ओळखली जाणारी वस्ती आजही आहे. अनेकांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो. ब्रिटिश सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला व पुढें १९११ आणि १९२४ सालीं त्याची व्याप्ति वाढविली. या कायद्यानें कित्येक जमातींतील माणसें जन्मतःच गुन्हेगार ठरलीं. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी अशा लोकांस सोलापुरास तारेच्या कुंपणाआड ठेवण्यांत आलें. त्यांना हजेरी द्यावी लागे. परवानगीवांचून बाहेर पाऊल टाकतां येत नसे. त्यांतील कित्येकांनीं सोलापूरच्या कापडगिरण्यांत घाम गाळला. स्वातंत्र्यानंतर पांच वर्षांनीं, ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं, तो कायदा देशांतून रद्द झाला, आणि म्हणून या जमातींस ‘विमुक्त’ म्हणतात.

तारेचें कुंपण निघालें. राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यताही रद्द झाली. तथापि कागदावरील गुंता अजून पुरता सुटलेला नाहीं. एकच कैकाडी समाज विदर्भांत अनुसूचित जातींत मोडतो, तर आपल्या सोलापुराकडे विमुक्त जातींत. आणि मनांतलें कुंपण तर कोणत्याच सरकारी हुकुमानें निघत नसतें. तें आपल्या जिभेवर असतें, आपल्या हंसण्यांत असतें, वर्गांत कोणाशेजारीं बसावयाचें हें ठरवितांना असतें.

याच समाजांतील श्री. लक्ष्मण माने यांनीं ‘उपरा’ हें आपलें आत्मकथन १९८० सालीं प्रसिद्ध केलें व १९८१ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गाढवावर बिऱ्हाड लादून, गांवोगांव टोपल्या विणीत हिंडणाऱ्या कुटुंबांतील हा मुलगा; त्याच्या बापानें जातभाईंचा रोष पत्करून त्यास शाळेंत घातलें. वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तें पुस्तक अवश्य वाचावें. तें वाचल्यावर आम्हांस प्रश्न पडला कीं, त्या बापांत आणि ‘फँड्री’तील कचरूंत फरक काय? एक मुलास शाळेंत घालतो, दुसरा शाळेसमोरून ओढून डुकरें धरावयास नेतो आणि कामांतून तोंड लपविलें म्हणून सर्वांदेखत मारतो.

पालकांनीं येथें क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. कचरू दुष्ट आहे काय? श्री. किशोर कदम यांनीं ही भूमिका अशी केली आहे कीं, त्याचा रागही येतो व पोटांत कालवतेंही. गांवासमोर तो वांकतो, घरीं मुलावर हात टाकतो. ज्याला बाहेर कोणी किंमत देत नाहीं तो माणूस पुष्कळदां आपली सत्ता घरांतल्या दुबळ्यावरच गाजवितो. हें समजून घेतलें पाहिजे. परंतु समजून घेणें म्हणजे क्षमा करून टाकणें नव्हे. पाठीवर पडलेला मार मुलगा विसरेल. चार लोकांदेखत पडलेला मार तो जन्मभर विसरणार नाहीं. आपण कैकाडी नसूं, आपणांस कोणी डुकरें धरावयास बोलावीत नसेल. पण सावकाराचा, साहेबाचा किंवा बाजारभावाचा राग घरीं येऊन मुलावर काढणारे बाप आपल्यांत थोडे आहेत काय? बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आहे. त्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. घराच्या उंबरठ्याआड मात्र पालकांची सदसद्विवेकबुद्धि हाच पहिला पहारेकरी.

आतां त्या शब्दाकडे वळूं. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेंतला शब्द. त्याचा अर्थ डुक्कर. जब्याच्या घरांत तो एक साधा शब्द आहे, आपण ‘म्हैस’ म्हणावें तसा. तोच शब्द शाळेच्या भिंतीवर बसलेल्या मुलाच्या तोंडीं गेला कीं शिवी होतो. मंद्रूपच्या मुलांस हें समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्याकडे कित्येक घरांत कानडी बोलतात आणि शाळेंत मराठी. बोलण्यांत कानडीचा हेल आला म्हणून सोलापूरच्या शाळेंत आपली कोणी नक्कल केली, तर आपणांस काय वाटतें? घरची भाषा चव्हाट्यावर थट्टेचा विषय झाली म्हणजे मूल प्रथम ती भाषा लपवितें, मग आईबापांस लपवितें आणि शेवटीं स्वतःसच लपवूं लागतें. जब्या भिंतीआड लपतो तो याच कारणानें.

येथें आम्हीं आमचाही एक दोष कबूल केला पाहिजे. आम्ही शिकत होतों तेव्हां आमच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचें खरें नांव फक्त हजेरीपुस्तकांत होतें. एरवीं त्याच्या आईबापांच्या धंद्यावरून ठेवलेल्या नांवानेंच सारा वर्ग त्यास हांक मारी. त्यांत आम्हीही होतों. तो चिडत नसे, म्हणून त्यास वाईट वाटत नाहीं असें आम्ही समजत होतों. सातवीनंतर तो शाळेंत दिसला नाहीं. कां, हें कोणीं विचारलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं एका बसस्थानकावर तो आम्हांस दिसला. आनंदानें आम्हीं हांक मारली, आणि ती त्याच टोपणनांवानें. कारण दुसरें कांहीं नांव आम्हांस आठवेना. तो वळला नाहीं. त्यानें ऐकिलें होतें, हें त्याच्या थबकलेल्या पावलांवरून आम्हांस समजलें. जब्याचा शेवटचा दगड आम्हांस कां लागला, हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल.

विद्यार्थिमित्रहो, या चित्रपटांतील दोन दृश्यें नीट लक्षांत ठेवा. डुक्कर हातीं लागणार, इतक्यांत शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. जब्या जागच्या जागीं ताठ उभा राहतो. त्याला पाहून घरचींही उभीं राहतात, आणि डुक्कर निसटून जातें. शाळेनें शिकविलेला आदर त्यानें पाळला आणि त्यापायीं दिवसभराचे श्रम पुन्हां करावे लागले. दुसरें दृश्य अखेरचें. बांधलेलें डुक्कर खांद्यावर घेऊन तें कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातें. त्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, जोतीराव व सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगे महाराज यांचीं चित्रें रंगविलेलीं आहेत. थोर पुरुषांचीं चित्रें भिंतीवर, आणि ज्यांच्यासाठीं ते झटले तीं माणसें भिंतीखालून ओझें वाहत आहेत. अशीं चित्रें आपल्याही शाळांच्या भिंतींवर असतात. त्यांच्या जयंत्यांस आपण भाषणें करतों, बक्षिसें घेतों. त्याच दिवशीं मधल्या सुटींत आपण एखाद्यास त्याच्या जातीवरून हांक मारीत असलों, तर तें भाषण कोणासाठीं केलें?

आमची सूचना फार मोठी नाहीं. ज्यास आपण टोपणनांवानें हांक मारतों त्याचें खरें नांव उद्यां विचारून घ्यावें व त्याच नांवानें बोलवावें. डबा खातांना जो एकटा बसतो त्याच्या शेजारीं जाऊन बसावें. उपकार म्हणून नव्हे, तर भूक लागली म्हणून. ऊसतोडीच्या हंगामांत गांवाबाहेर पालें पडतात. त्यांतील एखादें मूल चार महिन्यांसाठीं वर्गांत आलें, तर त्यास अर्धी बसण्याची जागा व अर्धें पुस्तक द्यावें. आणि कोणाची फजिती होत असेल तर मोबाईल बाहेर काढून तिचें चित्रण करूं नये. हात रिकामे असतील तर मदत करावी, नाहीं तर निदान तेथून निघून जावें. हंसणारा एक जरी कमी झाला तरी हंसणाऱ्यांचा जोर ओसरतो, हा आमचा अनुभव आहे.

पालकांनीं आपल्या वरच्या वर्गांतील मुलांबरोबर बसून ‘फँड्री’ एकदां पाहावा. पाहतांना मुलें कोठें हंसतात तें ध्यानांत ठेवावें, आणि आपण कोठें हंसलों तेंही. मग टीव्ही बंद करून, रागें न भरतां, त्याविषयीं थोडें बोलावें. आमच्या घरीं त्या रात्रीं जेवणें उशिरां झालीं. पुतणीनें जेवतां जेवतां विचारलें, “काका, तुमच्या वर्गातल्या त्या पोराचं खरं नाव काय होतं?” आम्हांस सांगतां आलें नाहीं. शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकांत तें असेल. शाळा उघडली कीं जाऊन पाहण्याचें आम्हीं तिला वचन दिलें आहे.